मामाची दोन बोटं आणि इंग्रजीचा तास

(दौंडला तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवून काढलंय.)



मी काही वक्ता नाही. मॅट्रिक झालो आणि गोदीत हमालीला लागलो. रात्री जाग राहिली तर कविता लिहितो. पण आज कविता म्हणणार नाही. आज एका इंग्रजीच्या तासाची गोष्ट सांगणार आहे, आणि त्यातून पैशाचा हिशेब मांडणार आहे. हिशेब ऐकताना कंटाळा आला तर येऊ द्या. आपल्या बापांना हिशेबाचा कंटाळा होता, म्हणून मुकादम माजला.

मी इथलाच, दौंडचा. रुळापलीकडच्या वस्तीतला. या जंक्शनवर एक गाडी मनमाडला जाते, एक सोलापूरला. आमचं घरही तसंच फुटलं. मी मुंबईला, धाकटी बहीण शिरूरला मामाकडं. ती कॉलेजात आहे. संध्याकाळी एका क्लासला जाते, इंग्रजी बोलायला शिकवतात तिथं. परवा तिचा फोन आला, "दादा, आमच्यात वादविवाद आहे, बाहेरचं माणूस आणलेलं चालतं, तू ये." दोन पाळ्यांचा खाडा केला नि गेलो.

खोली पत्र्याची. तीस-पस्तीस पोरंपोरी. सरांनी इंग्रजी उतारा वाचायला दिला होता. विषय सरकारी आरोग्य विमा, पण अमेरिकेतला. १९६५ साली तिथं कायदा झाला, पासष्टच्या पुढच्या म्हाताऱ्यांना सरकारनं विमा दिला. २०१० साली आणखी एक कायदा झाला. त्याआधी विमा कंपनी माणसाला म्हणायची, तुला आधीच आजार आहे, तुला विमा नाही. म्हणजे ज्याला छत्री पाहिजे त्यालाच छत्री नाही. ते २०१४ पासून बंद झालं. आणि त्यावर तिथं केवढं रणकंदन. सरकारनं विमा द्यावा की देऊ नये?

सरांनी बाकांच्या दोन बाजू केल्या. डावीकडचे 'फॉर', उजवीकडचे 'अगेन्स्ट'. कुणाचं मत काय हे विचारलं नाही. जिथं बसलात तिथली बाजू मांडा. बहीण उजवीकडं बसली होती.

डावीकडचा एक पोरगा छान बोलला. उजवीकडचा एक उठला, म्हणाला, फुकट मिळालं की लोक आळशी होतात. टाळ्या पडल्या. मग बहीण उठली. हातातला कागद थरथरत होता. कागदावर काय लिहिलं होतं मला माहीत नाही, कारण ती त्यातलं काहीच बोलली नाही. ती म्हणाली, "सर, आय अ‍ॅम अगेन्स्ट. माय अंकल हॅज कार्ड. माय अंकल हॅज नो टू फिंगर्स."

पोरं हसली. इंग्रजी चुकलं म्हणून हसली. सर म्हणाले, विषय सोडून बोलू नकोस.

मित्रांनो, विषय सुटला नव्हता. विषय तिथं पहिल्यांदा सुरू झाला होता.

मामा रांजणगावच्या बाजूला एका कारखान्यात कंत्राटावर होता. कारखान्याचं नाव सांगत नाही, अर्ज चालू आहे. २०२४ च्या पावसाळ्यात रात्रपाळीला प्रेस मशिनमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेली. जवळ जो दवाखाना होता तिथं नेला. तो सरकारी योजनेच्या यादीत नव्हता. मामीनं व्याजानं पैसे काढले. मामाच्या पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला ईएसआयचे पैसे कापलेले दिसत होते. चौकशी केली तर कळलं, कंत्राटदारानं ते पुढं भरलेच नव्हते. कंत्राटदार म्हणाला, माझं कंत्राट संपलं, कारखान्याला विचारा. कारखाना म्हणाला, हा आमचा माणूसच नाही. असा मामा दोन दारांच्या मधे उभा, हाताला फडकं बांधून.

आता हिशेब. ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा. २०१९ पासून दर असा : पगाराच्या शेकडा पाऊण रुपया कामगाराचा, सव्वातीन रुपये मालकाचे. बारा हजार पगार असेल तर तुझे ९० रुपये, मालकाचे ३९०. एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्याला हे लागू. त्या बदल्यात काय? घरच्या सगळ्यांना औषधपाणी, साध्या तापापासून ऑपरेशनपर्यंत. सहा महिन्यांत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात पगाराचे शेकडा ७०, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. कामावर अपघात झाला तर शेकडा ९०, आणि त्याला ७८ दिवसांची अट नाही. कामाचा पहिला दिवस असला तरी हक्क आहे. हात गेला, बोट गेलं, तर मेडिकल बोर्ड ठरवतं की कमावायची ताकद किती गेली, आणि त्या मापानं आयुष्यभर पैसे मिळतात.

मामाला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. गोदीत माझ्या पायावर गोणी पडली तेव्हा मुकादमानं दोनशे रुपये दिले, मी त्याला देवमाणूस समजलो होतो. लाज वाटते सांगायला.

तास संपला तेव्हा बहिणीचे डोळे भरले होते. पण पोरगी चिवट. तिनं १९४८ च्या विमा कायद्याचा इंग्रजी मजकूर मिळवला आणि डिक्शनरी घेऊन बसली. चार रात्री बसली. कलम ४० पाशी अडली. तिथं लिहिलंय की वर्गणी प्रिन्सिपल एम्प्लॉयरनं भरायची, 'इन द फर्स्ट इन्स्टन्स'. दुसऱ्या दिवशी तिनं सरांनाच विचारलं, याचा अर्थ काय? सरांनी नीट वाचलं. म्हणाले, म्हणजे आधी त्यानं भरायची, मग ज्याच्याकडून वसूल करायची त्याच्याकडून करायची.

कळलं का? कंत्राटदाराच्या माणसाचीही वर्गणी आधी मूळ मालकानं भरायची. कंत्राटदार पळाला, हा कामगाराचा प्रश्नच नाही. त्याच कलमात आणखी एक शब्द आहे, 'एन्ट्रस्टेड'. मालकानं पगारातून कापलेला पैसा ही कामगारानं त्याच्याकडं सोपवलेली ठेव समजायची. ठेव! आपण समजत होतो कपात. पुढं कलम ६८ : मालकानं वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराचा हक्क बुडत असेल, तर महामंडळ कामगाराला देऊ शकतं आणि मालकाकडून वसूल करू शकतं.

ज्या इंग्रजीला वर्ग हसला होता, त्याच इंग्रजीनं तिनं अर्ज लिहिला. सरांनी चुका दुरुस्त करून दिल्या, एवढं त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. मामानं डाव्या हातानं सही केली. निकाल अजून नाही. लागेल तेव्हा लागेल. पण मामा आता 'साहेब, काहीतरी करा' म्हणत नाही. तो विचारतो, 'कलम चाळीसचं काय झालं?'

हा कायदा आभाळातून पडला नाही. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४३ ला, सरकारनं प्राध्यापक अडारकरांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना करायला सांगितलं. १९४४ च्या ऑगस्टात त्यांचा अहवाल आला. १९४८ ला कायदा झाला तेव्हा मजूरमंत्री होते जगजीवन राम. म्हणजे या कायद्याच्या पाळण्याला दोन्हीकडून आपल्याच माणसांचा हात लागलेला आहे. आणि आपल्यालाच त्यातलं कलम वाचता येत नाही!

पण मी आंधळी आरती करायला उभा नाही. कायद्याला भोक आहे, तेही बघा. त्यानं हंगामी कारखाने बाहेर ठेवले. हंगामी म्हणजे कुठले? यादीत साखर आहे, गूळ आहे. आता या दौंड-शिरूरच्या पट्ट्यात डोळे उघडून फिरा. ऊस, साखर कारखाने, गुऱ्हाळं. चुलवाणापुढं भाजणारा माणूस विम्याच्या बाहेर. कोयता घेऊन बीडहून येणारी बाई तर कुणाच्याच वहीत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, हंगामी कारखान्याचा अपवाद तिच्यातही आहे.

जे बाहेर राहिले त्यांच्यासाठी दुसरं कार्ड निघालं. २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झालं, २०१३ ला सगळ्या राज्यात, आणि २०१७ ला त्याला महात्मा फुल्यांचं नाव दिलं. दीड लाखाचे पाच लाख झाले, पिवळ्या-केशरी कार्डाबरोबर पांढरं कार्डही घेतलं. २०२३ ला ठरलं, २०२४ ला लागू झालं. दिल्लीची आयुष्मान योजनाही त्यालाच जोडलेली आहे. या कार्डानं माणसं वाचलीत. आपल्याच वस्तीत छातीत स्प्रिंग बसवून आलेली माणसं आहेत, मी ते नाकारणार नाही. आकडाही सांगतो : देशात आरोग्यावर होणाऱ्या शंभर रुपयांतले ६४ रुपये २०१३-१४ साली लोक थेट खिशातून घालत होते, २०२१-२२ ला ते ३९ वर आले.

पण ३९ म्हणजे काय थोडे झाले? हे कार्ड चालतं ते दाखल झाल्यावर, आणि यादीतल्या दवाखान्यात. आईच्या बीपीची रोजची गोळी त्यात नाही. तापाची बाटली नाही. आणि बुडालेली हजेरी तर कुठंच नाही. मोलमजुरीवाल्याचा आजार म्हणजे आधी बुडालेली हजेरी, मग औषध. ईएसआय हजेरीचे पैसे देतं, हे कार्ड देत नाही. शिवाय कार्ड खिशात आहे आणि दवाखाना लांब पुण्याला आहे, तर रात्री दोन वाजता त्या कार्डाचं करायचं काय? वारा घ्यायचा?

१९४६ साली भोर समितीनंही अहवाल दिला होता. त्यात म्हटलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणालाही उपचार नाकारले जाऊ नयेत. त्यांनी मागितले होते दवाखाने, खेड्यापर्यंत. अडारकरांचा विमा थोड्यांना मिळाला, भोर समितीचे दवाखाने अर्धेच झाले. तिकडं वेल्समध्ये खाणकामगार आपल्या मजुरीतून पेनी-पेनी काढून डॉक्टर ठेवत होते. त्यांच्यातलाच एक, अन्यूरिन बेव्हन, तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला. तो मंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ ला सगळ्या ब्रिटनसाठी मोफत दवाखाना उघडला. विम्याचं कार्ड नाही, कराच्या पैशातून दवाखाना. १९५१ ला त्याच्याच सरकारनं चष्म्याला आणि दातांना पैसे लावले, तर हा मंत्रिपद सोडून बाहेर पडला. आपल्याकडं चष्म्यासाठी कुणी खुर्ची सोडेल?

आता कुणी म्हणेल, फुकट मिळतंय ना, मग घ्या गुपचूप. योजनेच्या कागदावर आपल्यासाठी एक शब्द आहे : लाभार्थी. या शब्दाशी माझं भांडण आहे. साबणाच्या वडीवर, मोबाइलच्या रिचार्जवर, बापाच्या चपलेवर आपण कर भरतो. ईएसआयला तर पगारातून मोजून देतो. स्वतःच्या पैशातून स्वतःचा उपचार करून घेणारा लाभार्थी कसा? तो हक्कदार. ज्या फुल्यांचं नाव योजनेला आहे त्यांच्या सावित्रीबाईंनी १८९७ च्या प्लेगात आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं, आणि त्यातच त्या गेल्या. त्यांनी त्या पोराला कार्ड विचारलं नाही. त्याच सावित्रीबाई 'काव्यफुले'मध्ये, १८५४ साली, आपल्या लोकांना सांगत होत्या की इंग्रजी शिका. साहेबाच्या ऑफिसात शोभून दिसावं म्हणून नव्हे.

शिरूरला इंग्रजी आली ती छावणीबरोबर. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री त्याच छावणीतून पलटण कोरेगावकडं निघाली. आपल्या पूर्वजांनी इंग्रजी ऐकली ती हुकमाची. आपण वाचायची ती कलमाची.

म्हणून मोर्च्याआधी एक साधं काम सांगतो. दर रविवारी इथं दौंडला एक टेबल टाकू, बहीण आणि तिच्या मैत्रिणी शिरूरला टाकतील. कुरकुंभच्या, रांजणगावच्या पोरांनो, पगाराच्या चिठ्ठ्या घेऊन या. तीन गोष्टी बघायच्या. विमा नंबर आहे का. कापलेले पैसे त्या नंबरावर जमा झालेत का. मूळ मालक कोण. कंत्राटदार बदलला की नंबर तोच राहिला का, तेही बघायचं. ज्यांना चिठ्ठीच मिळत नाही त्यांची वेगळी यादी करू. गुऱ्हाळवाल्यांची आणि ऊसतोडीवाल्यांची तिसरी यादी. जवळचा यादीतला दवाखाना कुठला, तिथला आरोग्यमित्र कुठल्या वेळेला बसतो, हे वस्तीच्या भिंतीवर रंगवू. मग त्या याद्या घेऊन मोर्चा. आकड्याशिवाय मोर्चा काढला की साहेब चहा पाजून परत पाठवतो.

बहिणीला मी नंतर विचारलं, तू उजवीकडं बसली होतीस, खरंच विमा नको का तुला? ती म्हणाली, "दादा, मला विमा पाहिजे. दवाखाना पण पाहिजे. आणि मामाची कापलेली ठेव व्याजासकट पाहिजे. त्यासाठी तिसरा बाक नव्हता तिथं."

तो बाक आपण टाकायचा आहे. पुढच्या रविवारी सकाळी नऊला. येताना चिठ्ठी आणा.

जय भीम.