डोळ्यांतला दाब आणि उतारवयातला व्यायाम

श्रोतेहो, पुण्याच्या पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. पहाटे तिथे गेलात, तर साठी-सत्तरी ओलांडलेली कितीतरी मंडळी चढताना दिसतील. ही चढण गुडघ्यांना आणि हृदयाला काय करते, याची चर्चा नेहमीच होते. ती डोळ्यांना काय करते, ते आज पाहू.

आपल्या डोळ्यात पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि बारीक वाटेने रक्तात निघून जातो. येणं आणि जाणं यांचा मेळ असला, की दाब ठीक राहतो. बहुधा तो पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर असतो. पाटात गाळ साचला की पाणी तुंबतं ना, तसंच इथे होतं. दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी दृष्टीची शीर हळूहळू सुकते. हाच काचबिंदू. काहींना तो नेहमीच्या दाबातही होतो.

“मोतीबिंदू असेल, पिकू द्या,” म्हणून घरची म्हातारी माणसं बसून राहतात. इथेच घात होतो. मोतीबिंदूत शस्त्रक्रियेने दिसू लागतं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. शिवाय बहुतेकांना दुखत-खुपत नाही. कडेची नजर आधी जाते, ती कळतच नाही.

आता व्यायामाकडे वळू. अर्धा तास झपझप चाललं, की डोळ्यांतला दाब काही मिलिमीटरने उतरतो. तासाभरात तो बहुधा मूळपदावर येतो, म्हणून चालणं रोजचं हवं.

पण सगळेच व्यायाम सारखे नाहीत. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या डॉक्टरांनी योगाभ्यास करणाऱ्या ७५ जणांचे डोळे तपासले. शीर्षासनात दाब जवळजवळ दुप्पट होतो, असं त्यांना आढळलं; हे २००६ साली प्रसिद्ध झालं. निरोगी माणसाचा दाब आसन सोडल्यावर लवकर उतरतो. काचबिंदू असलेल्याने मात्र डोकं खाली करण्याची आसनं टाळावीत. श्वास कोंडून धान्याचं पोतं उचललं, तरी दाब चढतो. ओझं उचलताना श्वास सोडावा. फिरून आल्यावर तांब्याभर पाणी एका दमात पिऊ नये, घोट घोट प्यावं.

आणि एक गोष्ट मनाशी पक्की बांधा. चालणं हे औषधाच्या जोडीला आहे, औषधाच्या जागी नाही. “रोज फिरतो, आता थेंब कशाला?” असं म्हणून थेंब बंद केले, तर नजर गमवावी लागेल.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मुलांकरवी एक निरोप घरोघरी पाठवा. चाळिशी उलटलेल्यांनी डोळ्यांचा दाब आणि शीर तपासून घ्यावी. आई-वडील किंवा भावंडांत काचबिंदू असेल, तर अवश्य घ्यावी. पुण्यात ससून रुग्णालय आहे, इतरत्र जिल्हा रुग्णालय आहे. आजोबांना फिरायला जरूर न्या. पण त्याआधी एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.