ते बदकच निघालं असतं तर?

(तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आज एका चित्रांच्या पुस्तकावर बोलणार म्हटल्यावर मागचे दोघं-तिघं हसले, ते मी पाहिलं. हसा. पण पोराच्या हातात पहिलं पुस्तक कुठलं पडतं, त्यावरून ते स्वतःला काय समजणार ते ठरायला लागतं.

पुस्तक तुमच्या ओळखीचं आहे. कुरूप बदकाचं पिल्लू. गदिमांच्या गाण्यामुळं ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघर गेली. आपल्या वस्तीतल्या पोरी गॅदरिंगला त्यावर नाचतात. मूळ गोष्ट डेन्मार्कच्या हान्स अँडरसनची, १८४३ सालची. हा अँडरसन कोण? ओडेन्स गावच्या मोच्याचा पोरगा. आई लोकांचे कपडे धुवायची. हा अकरा वर्षांचा असताना बाप मेला. चौदाव्या वर्षी एकटाच कोपनहेगनला गेला आणि बड्यांच्या मेहेरबानीवर शिकला. तिकडं जोडे शिवणारा गरीब असतो, अस्पृश्य नसतो, हा फरक ध्यानात ठेवा. पण वरच्यांच्या दिवाणखान्यात खालून आलेला माणूस कसा अवघडून बसतो, ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून तर ते आवार त्यानं असं रंगवलंय की वाटतं, हा गडी आपल्या आळीत राहून गेला. पायाला लाल चिंधी बांधलेली एक म्हातारी बदकीण आहे. तिचं रक्त स्पॅनिश, म्हणून सगळ्यांनी तिच्यापुढं मान वाकवायची. दाणे टाकणारी पोरगी पिल्लाला लाथ घालते. पुढं एका झोपडीत कोंबडी आणि मांजर त्याची परीक्षा घेतात. अंडी घालता येतात का? गुरगुरता येतं का? नाही? मग गप बसायचं. मेरिट, मित्रांनो, मेरिट! कोंबडीनं ठरवलेलं.

इथपर्यंत अँडरसन आपला. शेवटी वसंत येतो, पिल्लू पाण्यात बघतं, तर आपण राजहंस! आणि लेखकच सांगून टाकतो, की अंडं मुळात हंसाचं होतं, तेव्हा आवार कसलं का असेना. अंडं! म्हणजे छळ वाईट कशामुळं ठरला? तर छळलेला उच्च कुळातला निघाला म्हणून.

हे मला सुचलेलं नाही. आमच्या अभ्यासिकेत मी गोष्ट वाचून दाखवत होतो, तेव्हा तिसरीतल्या एका पोरानं विचारलं, "सर, ते बदकच निघालं असतं, तर मारलेलं चाललं असतं का?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण मीच तसला राजहंस आहे. सातवीत असताना एका बाईंनी माझी वही वर्गात सगळ्यांना दाखवली आणि म्हणाल्या, हा त्या वस्तीतला वाटतच नाही. मला राग आला नाही. शपथेवर सांगतो, छाती फुगली. त्या संध्याकाळी आई बिगारीवरून आली, केसांत सिमेंट, आणि मी तिच्याकडं आवारातल्या बदकिणीकडं बघावं तसं बघितलं. पालकसभेला येऊ नको म्हणालो. ती "बरं" म्हणाली. का, म्हणून विचारलं नाही. तीस वर्षांनी आज पहिल्यांदा चारचौघांत बोलतोय.

दुसरं एक पुस्तक आहे, 'द स्नोई डे'. एझ्रा जॅक कीट्सनं ते १९६२ साली केलं. हा ब्रुकलिनमधल्या गरीब पोलिश ज्यू घरातला. पीटर नावाचा काळा पोरगा लाल कपडे घालून बर्फात जातो. पावलं उमटवतो, काठीनं झाडावरचं बर्फ पाडतो. एक गोळा खिशात घालून घरी आणतो, तो वितळतो. आई ओले मोजे काढते. संपलं. पीटरला शेवटी दुसरं कुणी व्हावं लागत नाही. १९६३ साली ह्या पुस्तकाला कॅल्डेकॉट पदक मिळालं. दोन वर्षांनी नॅन्सी लॅरिकनं अमेरिकेतल्या पोरांच्या पाच हजारांवर पुस्तकांचा हिशेब मांडला. काळा माणूस ६.७ टक्के पुस्तकांत सापडला. पीटरची आई गोऱ्यांच्या ठरीव साच्यातली काढलीय म्हणून तिनं कीट्सलाही सोडलं नाही. बरंच केलं.

आमच्या पोरांनी हे पुस्तक पाहिलं तेव्हा पहिला प्रश्न, "हे गोळेवाल्याचं बर्फ का?" पण एक पोरगी त्या मोज्यांच्या चित्रावरून बोट काढीना.

आपल्या वस्तीतल्या पोराचं असं पुस्तक मला दुकानात मिळालेलं नाही. तेव्हा येत्या शनिवारी आईला अभ्यासिकेत आणतोय. "मी येऊन काय करू?" म्हणते. पोरांना सांगितलंय, तिला गोष्ट विचारा आणि चित्रं तुम्ही काढा. डोक्यावर घमेलं कसं बसतं ते तीच दाखवील. कोरे कागद आणि रंग कमी आहेत. ज्याला जमेल त्यानं घेऊन यावं. साडेचारला.