कायाक, कॅमेरा आणि उजनी

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर छायाचित्रांसह केलेले भाषण)



छायाचित्रं तुम्ही आता पडद्यावर पाहालच. ती कशी काढली आणि कोणती काढायची सोडून दिली, एवढंच मी आधी सांगतो.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच जण भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर गेलो होतो. पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण १०० किलोमीटर. पहाटे साडेतीनला गेटवरून निघालो आणि उजाडता उजाडता काठावर पोहोचलो. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. साठा सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातला ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा. उन्हाळ्यात पाणी त्याच्याही खाली जातं, तेव्हा पेपरात येतं, ‘उजनी मायनसमध्ये’. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत खातं ओव्हरड्राफ्टमध्ये! पाणी असं उतरलं की पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडतं. आपण जिथे वल्हं मारतो, तिथे खाली कुणाचं तरी शेत, कुणाचं तरी अंगण होतं, हे विसरू नये.

आपल्या बी विंगमधल्या एका तरुणाकडे हवा भरायच्या दोन कायाक आहेत. कायाक म्हणजे एका-दोघांची अरुंद, बुटकी होडी. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ती चालवणं जड जात नाही. जड जातं ते गुडघाभर गाळातून जाऊन तिच्यात बसणं! सोबत गावातल्या मच्छीमार दादांची होडी होती आणि लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात होतं.

कायाकचा फायदा असा, की इंजिनाचा आवाज नाही. शिवाय आपण पाण्याला टेकून बसतो, त्यामुळे पक्ष्याचा डोळा आणि आपली लेन्स एका पातळीत येतात. ऊन पाठीशी घ्यायचं, वल्हं आडवं ठेवायचं आणि होडी आपली आपण वाहू द्यायची. राखी बगळ्याचा फोटो असा मिळाला. वीस मिनिटं तो हलला नाही, मीही हललो नाही.

आता न काढलेल्या फोटोंबद्दल. समोर उघड्या पडलेल्या एका बेटावर नदी सुरय पक्ष्यांची वस्ती होती. काळी टोपी, पिवळी चोच, लांब दुभंगलेली शेपटी. हे पक्षी घरटं बांधत नाहीत, उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. मे महिन्याच्या उन्हात आई-बाप आळीपाळीने अंड्यांवर सावली धरतात, पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतात. आपण जवळ गेलो की पक्षी उठतात आणि अंडी उन्हात भाजतात. दादा म्हणाले, “साहेब, हितनंच बघा. तितं अंडी हायती.” आम्ही तिथेच थांबलो. फोटोत ते पक्षी ठिपक्याएवढे दिसतील, तक्रार करू नका!

हिवाळ्यात इथे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला गर्दी होते. थवा उडतानाचा फोटो हवा म्हणून काही पर्यटक होडी थव्यात घालायला सांगतात, वर जास्तीचे पैसे देऊ करतात. तुम्ही गेलात तर ते पैसे पक्षी न उठवणाऱ्या नावाड्याला द्या. त्याचंही पोट याच पाण्यावर आहे. पैसे देणारा जसं सांगेल, तसा हा धंदा चालणार.

आणखी एक गोष्ट, जिवाची. आम्ही नऊच्या आत पाण्याबाहेर आलो. या दिवसांत दुपारनंतर वळवाचं वादळ केव्हा उठेल, सांगता येत नाही. २१ मे २०२४ रोजी याच जलाशयात कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळात उलटली आणि ६ जणांचा जीव गेला. ते हौसेला निघालेले नव्हते. ती तिथली नेहमीची वाट होती. आपण तर हौसेने जाणार. तेव्हा नातवंडं कितीही म्हणाली, “आजोबा, अजून एक चक्कर,” तरी सकाळी लवकर जायचं, लवकर परतायचं आणि जॅकेटशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही.

ज्यांना यायचं आहे त्यांनी कमिटीकडे नाव द्यावं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी मच्छीमार दादांची होडी आहेच. आता दिवे मालवा, पहिलं छायाचित्र बघू या.