रुग्णसेवा आणि यत्नाचार : बर्कहोल्डेरिया जिवाणूंच्या निमित्ताने

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त वावर, ता. जव्हार येथील आरोग्य शिबिराच्या समारोपप्रसंगी दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी संस्थेच्या कार्याचा गौरव व्हावा, ही रीतच आहे. माझ्या आधीच्या वक्त्यांनी तो समर्पक शब्दांत केला आहे. मी व्यवसायाने डॉक्टर. म्हणून गौरवात भर न घालता, आपल्या सेवाकार्यात दडलेल्या एका जोखमीकडे आपले लक्ष वेधावे, असे मी ठरविले. ही जोखीम ज्या जिवाणूंमुळे निर्माण होते त्यांचे नाव जिभेला अवघड आहे : बर्कहोल्डेरिया. परंतु त्यांची ओळख कांद्यापासून सुरू होते, आणि कांदा म्हटल्यावर या सभेत दोन-चार चेहऱ्यांवर स्मित उमटणे स्वाभाविक आहे.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर बर्कहोल्डर नावाचे वनस्पतिरोगतज्ज्ञ होते. न्यूयॉर्क राज्यातील शेतकऱ्यांचे कांदे सडू लागले. बाहेरचे पापुद्रे मऊ पडत आणि त्यांना आंबूस वास येई. त्या सडीला कारण असलेला जिवाणू बर्कहोल्डर यांनी शोधून काढला व १९५० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. लॅटिन भाषेत कांद्याला ‘सेपा’ म्हणतात. त्यावरून त्याला ‘सेपेशिया’ हे नाव मिळाले. पुढे १९९२ साली या गटाला बर्कहोल्डेरिया ही स्वतंत्र प्रजाती मानण्यात आले. सेपेशियाच्या कुळात आज वीसहून अधिक जाती मोजल्या जातात. आपण कांदा वर्ज्य करतो म्हणून या जिवाणूपासून मुक्त झालो, असे मात्र कोणी समजू नये. तो मातीत आहे, पाण्यात आहे आणि योग्य ती दक्षता न घेतल्यास दवाखान्याच्या कपाटातही आहे.

निरोगी माणसाला हा जिवाणू सहसा काही करीत नाही. ज्याची रोगप्रतिकारशक्ती खालावली आहे, त्याच्यावरच तो हल्ला करतो. अतिदक्षता विभागातील रुग्ण, कर्करोगावर उपचार घेणारे, डायलिसिसवर असलेले, कमी दिवसांची बाळे, फुप्फुसाच्या जुनाट आजाराने खंगलेले वृद्ध, हे त्याचे लक्ष्य. म्हणून अशा संसर्गाला ‘संधिसाधू संसर्ग’ म्हणतात. तो बहुधा उपचार घेत असतानाच होतो, म्हणून ‘रुग्णालयजन्य संसर्ग’ असेही म्हणतात. पाश्चात्त्य देशांत सिस्टिक फायब्रोसिस नावाचा फुप्फुसांचा आनुवंशिक विकार आहे. त्या मुलांमध्ये हा जिवाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातो, असे लक्षात आल्यावर गेल्या शतकाच्या अखेरीस त्यांची उन्हाळी शिबिरे बंद करावी लागली. एकाच दुःखाने ग्रासलेल्या बालकांनी एकमेकांना भेटूही नये, अशी वेळ आली.

या जिवाणूची चिकाटी विलक्षण आहे. अगदी थोड्या अन्नांशावर, नुसत्या पाण्यात तो महिनोन्‌महिने जगतो. पेनिसिलिनने आपण जंतू मारतो; याच्या काही प्रकारांनी पेनिसिलिनचाच अन्न म्हणून उपयोग केल्याचे प्रयोगशाळेत आढळले आहे. आणखी धक्कादायक बाब अशी, की ज्या द्रवांनी आपण जखम पुसतो त्या जंतुनाशकांतही तो तग धरू शकतो. जंतू मारण्यासाठी ठेवलेली बाटलीच जंतूंचे घर झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार नोंदल्या गेल्या आहेत. इतर जंतूंवर उपयोगी पडणारी कोलिस्टिनसारखी औषधे याच्यावर चालत नाहीत. को-ट्रायमॉक्झॅझोल, सेफ्टाझिडिम, मेरोपेनेम अशी मोजकी औषधे उरतात. त्यांतील कोणते लागू पडेल, हे रक्ताचे कल्चर केल्याशिवाय कळत नाही.

या घटना दूरदेशीच्याच आहेत, असे नाही. मुंबईतील एका रुग्णालयात केमोथेरपी घेऊन त्याच दिवशी घरी जाणाऱ्या रुग्णांना या जिवाणूचा रक्तसंसर्ग झाला. शोध घेता घेता डॉक्टर उलटी थांबविण्याच्या इंजेक्शनपर्यंत पोहोचले. दोष परिचारिकेच्या हातात नव्हता. औषध मुळातच दूषित होते. ही हकिगत २०१५ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्याआधी, २०१४ साली, भारतातीलच नेत्रतज्ज्ञांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत झालेल्या अशाच संसर्गाची नोंद प्रसिद्ध केली होती. तेथे डोळा बधिर करण्याचे थेंब दूषित निघाले. अमेरिकेत २०१६ साली बद्धकोष्ठावरील एका पातळ औषधातून अनेक राज्यांतील रुग्ण बाधित झाले. या सर्व घटनांत एक समान धागा दिसतो. बरे करण्यासाठी दिलेल्या वस्तूतूनच रोग रुग्णापर्यंत पोहोचला.

आता मी स्वतःची एक चूक आपल्यापुढे मांडतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका धर्मादाय शिबिरात मी काम करीत होतो. जंतुनाशकाच्या मोठ्या कॅनमधून लहान बाटल्या भरल्या जात. बाटली तळाला आली की ती धुण्याऐवजी वरून भर घालीत. औषध पुरावे म्हणून त्यात नळाचे पाणी मिसळीत. कापसाचे बोळे आदल्या रात्रीपासून त्यात भिजत पडलेले असत. सेवा करणारे सर्व जण प्रामाणिक होते; काटकसर ही त्यांना दात्यांच्या पैशाविषयीची निष्ठा वाटत होती. मी ते पाहिले आणि संकोचाने गप्प राहिलो. त्या शिबिरात कोणाला बाधा झाली की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही, कारण शिबिर उठले की रुग्ण आपापल्या पाड्यावर निघून जातो. चार दिवसांनी ताप आला तर तो कोणाला सांगणार? आपल्याकडे तक्रार आली नाही, याचा अर्थ अपाय झाला नाही, असा होत नाही.

हे मी वावर येथे का बोलतो आहे, हे जाणत्यांच्या ध्यानात आले असेल. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. त्या वेळी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा २०१४ साली झाला. त्या बालकांच्या मृत्यूशी आजच्या जिवाणूचा संबंध मी जोडीत नाही. परंतु कुपोषणाने शरीराचे कुंपण मोडले की साधा संसर्गही जीव घेतो, हा धडा या मातीने आपल्याला दिला आहे. संधिसाधू जिवाणूला हवी असलेली संधी ती हीच. म्हणून मुंबईत जेवढी स्वच्छता पाळू, त्याहून काकणभर अधिक येथे पाळली पाहिजे. येथील रुग्ण गरीब आहे म्हणून त्याला उरलेले, उघडलेले चालेल, ही भावना मनात येता कामा नये.

याच प्रजातीतील एका भावंडाचाही उल्लेख करतो. त्याचे नाव स्यूडोमॅलिआय आणि रोगाचे नाव मेलिऑइडोसिस. १९११ साली रंगून येथे व्हिटमोर आणि त्यांचे भारतीय सहकारी कृष्णस्वामी यांना तो प्रथम आढळला. भारतात त्याची पहिली नोंद १९९१ साली मुंबईतून, एका बालकाच्या आजारात झाली. पुढे कर्नाटकच्या किनाऱ्यावर, उडुपी-मणिपाल परिसरात, त्याचे अनेक रुग्ण सापडले. हा जिवाणू चिखलात राहतो आणि पावसाळ्यात, विशेषतः मधुमेह असलेल्यांना गाठतो. छातीची लक्षणे पाहून पुष्कळदा क्षयाचे निदान होते. आवणीच्या दिवसांत अनवाणी चिखलात उतरणाऱ्या मधुमेही बांधवांनी पायाची जखम झाकावी, शक्य तर गमबूट घालावेत. क्षयाच्या औषधाने उतरत नसलेला ताप असल्यास कल्चरचा आग्रह धरावा. २०२१ साली अमेरिकेत चार राज्यांतील चौघांना हाच रोग झाला व दोघे दगावले. कारण होते भारतात तयार झालेला, खोलीत फवारण्याचा सुगंधी द्रव. येथेही पुन्हा बाटलीच!

आपल्यासारख्या संस्था नेब्युलायझर, ऑक्सिजन यंत्र असे साहित्य रुग्णांना वापरावयास देतात. ही सेवा अमोल आहे. ती निर्दोष राहावी म्हणून काही नियम सुचवितो.

१) जंतुनाशकाच्या बाटलीत वरून भर घालू नये. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहावी. मुदत संपताच बाटली टाकून द्यावी. पाणी घालून औषध वाढवू नये.

२) नेब्युलायझरचा मास्क, कप व नळी प्रत्येक रुग्णास नवी द्यावी. औषध पातळ करण्यास निर्जंतुक सलाईनच वापरावे. वापरानंतर मास्क व कप उकळून गार केलेल्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावेत.

३) ऑक्सिजन यंत्राच्या बाटलीतील पाणी रोज बदलावे, तेही उकळून गार केलेले किंवा डिस्टिल्ड असावे. यंत्र परत आल्यावर बाटली कोरडी करूनच कपाटात ठेवावे.

४) घरोघरी उरलेली औषधे गोळा करताना उघडलेले सिरप, डोळ्यांचे थेंब व मलमे स्वीकारू नयेत.

५) शिबिरानंतर आठवडाभराने रुग्णांची विचारपूस व्हावी. दोघा-तिघांना सारखाच ताप आढळल्यास उरलेल्या बाटल्या न फेकता आरोग्य अधिकाऱ्यांना कळवावे. तपासणीसाठी त्यांचा उपयोग होतो.

पाण्याबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. पाणी गाळून वापरण्याचा आपला आचार जीवदयेचा आहे आणि तो पाळलाच पाहिजे. परंतु गाळण्याच्या कापडाची छिद्रे जिवाणूच्या आकाराच्या कितीतरी पटींनी मोठी असतात. म्हणून रुग्णोपचारात गाळलेले पाणी पुरेसे नाही. ते उकळलेच पाहिजे. उकळण्याने हा चिवट जिवाणूही मरतो.

बंधू-भगिनींनो, यत्ना हा शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलो. चालताना, बोलताना, वस्तू उचलताना आणि ठेवताना सावधपण बाळगावे, हे आपल्याला शिकविले गेले. रुग्णाच्या उशाशी ठेवलेली बाटलीही उचलावी-ठेवावी लागतेच. दान किती दिले, याची नोंद या स्मरणिकेत आहेच. पुढील पन्नास वर्षांत ते किती यत्नेने दिले, याचीही नोंद ठेवली जावी. त्याचा आरंभ म्हणून आज शिबिर आवरताना येथे उघडलेली एकही बाटली परत खोक्यात जाऊ नये, एवढीच विनंती करतो. त्या दिवशी जे बोलण्याचे राहून गेले, ते आज आपल्यासमोर बोलता आले, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

जय जिनेंद्र!