एकट्या गोधडीचं टपाल

चांदूर बाजारच्या एखाद्या बाईनं शिवलेली गोधडी आज इंटरनेटवर अमेरिकेतलं गिऱ्हाईक घेऊ शकतं. पोहोचवायला मात्र टपालच परवडायचं. १८७४च्या बर्न करारानं सभासद देश टपालापुरते एकच प्रदेश मानले होते. २९ ऑगस्ट २०२५ला अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची शुल्कमाफी काढली. त्याआधीच, २५ तारखेपासून, आपल्या टपाल खात्यानं तिकडची बहुतेक पार्सलं थांबवली. १५ ऑक्टोबरला ती सुरू झाली, तेव्हा वजनाच्या दरावर जाहीर किमतीच्या ५० टक्के शुल्क आलं. बडा व्यापारी कंटेनर भरतो, खर्च हजार नगांवर वाटतो. गोधडी एकटीच जाते, सारा भार एकटीच वाहते. डाकघर निर्यात केंद्रं कागदपत्रांना मदत करतात. दर ठरवतानाही शिवणारे हात आठवावेत, एवढंच मागणं.