विश्वाचा नकाशा आणि पाढ्यांचा घोष



शाळेच्या व्हरांड्यांतून फिरतांना ज्यानें वर्गांतील पाढे ऐकले आहेत, त्याला एक गोष्ट ठाऊक असेल. एकेका मुलाचा आवाज ओळखतां येत नाहीं. परंतु कोणती खोली भरलेली आणि कोणती ओस, हें एकत्रित घोषावरून कळतें. दूरच्या विश्वाचा नकाशा काढण्याची अशीच एक रीत ज्योतिर्विदांनीं अवलंबिली आहे.

आपल्या आकाशगंगेसारख्या तारकासमूहांस दीर्घिका म्हणतात. मोठ्या दुर्बिणी एकेक दीर्घिका वेगळी टिपतात; पण अतिदूर अंतरावरील लहान, मंद अशा असंख्य दीर्घिका मोजणीबाहेरच राहतात. केवळ सरदारांची नोंद ठेवून राज्याची खानेसुमारी करावी, तसाच हा प्रकार होय.

नव्या रीतींत आकाशाच्या एकेका तुकड्यांतून सर्व दीर्घिकांची मिळून किती रेडिओलहर येते, तें मोजतात. मग अंतर कसें कळावें? तारे ज्या थंड हायड्रोजन वायूपासून जन्मतात, तो स्वतः जवळजवळ मूक असतो. त्यांत मिसळलेला कार्बन मोनॉक्साइड मात्र २.६ मिलिमीटर लांबीची लहर सोडतो. अवकाशांतून आलेली ही लहर १९७० सालीं विल्सन, जेफर्ट्स व पेन्झियस यांनीं प्रथम टिपली. विश्व प्रसरण पावत असल्यामुळें वाटेंत ती ताणली जाते. ती १०.४ मिलिमीटरची होऊन पोंचली, तर चौपट ताणली गेली. म्हणजे सुमारें साडेअकरा अब्ज वर्षांपूर्वीं निघाली. आपण रेडिओचा कांटा फिरवून निरनिराळीं केंद्रें ऐकतों. तसेंच निरनिराळ्या लांबीच्या लहरी ऐकून निरनिराळ्या काळांचे नकाशे मिळवितां येतात.

कॅलिफोर्नियांतील ओवेन्स व्हॅली येथें याच कार्यासाठीं ‘कोमॅप’ हा प्रयोग उभारला गेला. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या निष्कर्षांत हा घोष स्पष्ट ऐकूं आला नाहीं. तो अमुक मर्यादेहून मोठा नसावा, एवढेंच ठरलें. यंत्राचा व वातावरणाचा गोंगाट त्याहून कितीतरी मोठा! तथापि ही मर्यादा हेंहि ज्ञानच आहे. तिनें कांहीं अटकळी बाद ठरविल्या.

हुशार मुलांच्या गुणांवरून वर्गाची परीक्षा करूं नये, हें मला शिक्षकीनें शिकविलें. मागच्या बांकावरील मुलाचा क्षीण स्वरहि घोषांत असतोच. त्याला हजेरींतून वगळूं नये, यासाठींच हा सारा खटाटोप आहे.