शिक्का एकाचा, सही दुसऱ्याची

मंडळी, अभियंत्यांच्या संस्थेची घटना म्हटली की बोलणं सुरू होतं ते सभासदत्वाच्या पायऱ्यांपासून. विद्यार्थी सभासद, सहसभासद, फेलो. वर्गणी किती, मत कोणाला. हे सगळं नियमावलीत छापलेलं असतं. मी आज बोलणार आहे ते एका बारीक नियमाबद्दल: संस्थेकडे आलेल्या पत्राला संस्थेच्या वतीने उत्तर कोणी द्यायचं? याच मुद्द्यावर अमेरिकेतली एक मातबर संस्था 1982 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात हरली.

ही संस्था म्हणजे अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स, एएसएमई. श्रोत्यांत कोणी प्रेशर व्हेसल बनवणाऱ्या कारखान्यात काम केलेलं असेल, तर 'यू स्टॅम्प' त्यांना माहीत असेलच, तो हिचाच. स्थापना 1880 ची. त्या काळात बॉयलर फुटणं ही तिकडे नित्याची बातमी होती. मार्च 1905 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावात बुटांच्या कारखान्याचा बॉयलर फुटला आणि 58 माणसं गेली. त्यानंतर दहाएक वर्षांत संस्थेची बॉयलर संहिता तयार झाली. खटल्याच्या वेळी ती अमेरिकेतल्या 46 राज्यांनी स्वीकारलेली होती. संस्था खासगी, पण तिचा शब्द कायद्यासारखा चाले.

ही संहिता सांभाळतं कोण? जाणकारांच्या समित्या, आणि तेही विनावेतन. त्यांचा पगार येतो तो बॉयलर बनवणाऱ्या, विकणाऱ्या किंवा त्यांचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांकडून. यात मला गैर काही वाटत नाही. ज्याला बॉयलर कळतो तो बॉयलरच्या धंद्यातच असणार, दुसरीकडून आणणार कुठून? मात्र हे एकदा मान्य केलं की नियम त्या हिशेबाने करायला हवेत.

आता प्रकरण ऐका. बॉयलरमधलं पाणी धोक्याच्या पातळीखाली गेलं की इंधन बंद करणारं एक उपकरण असतं. त्या बाजारावर मॅक्डॉनेल अँड मिलर कंपनीचं वर्चस्व होतं. हायड्रोलेव्हल नावाच्या छोट्या कंपनीने थोडा वेळ थांबून इंधन तोडणारं उपकरण आणलं आणि 1971 च्या सुरुवातीला ब्रुकलिन युनियन गॅस हे मोठं गिऱ्हाईक मिळवलं. संस्थेच्या संबंधित उपसमितीचा उपाध्यक्ष होता मॅक्डॉनेलचा अधिकारी आणि अध्यक्ष होता हार्टफर्ड या बॉयलर विमा कंपनीचा अधिकारी. मॅक्डॉनेलची माणसं या अध्यक्षाला भेटली. संस्थेला विचारायचा प्रश्न ठरला, पत्राचा मसुदा त्याच्या नजरेखालून गेला आणि पत्र रीतसर टपालाने रवाना झालं. संस्थेच्या पगारी सचिवाने ते उत्तरासाठी कोणाकडे पाठवलं? अर्थात त्याच अध्यक्षाकडे. संपूर्ण उपसमितीपुढे न ठेवता उत्तर देण्याची मुभा त्याला होती. एप्रिलमध्ये उत्तर गेलं, संस्थेच्या लेटरहेडवर, सचिवाच्या सहीने. आशय असा की इंधन ताबडतोब तुटलं पाहिजे. मॅक्डॉनेलचे विक्रेते तेच पत्र दाखवत गिऱ्हाइकांना सांगू लागले की हायड्रोलेव्हलचं उपकरण संहितेत बसत नाही.

पुढच्या वर्षी हायड्रोलेव्हलला याचा सुगावा लागला आणि तिने दाद मागितली. तोपर्यंत मॅक्डॉनेलचा तो अधिकारी उपसमितीचा अध्यक्ष झाला होता. चर्चेत तो बोलला नाही, बाजूला राहिला. पण नंतर उत्तरातलं कळीचं वाक्य लिहायला त्यानेच हात लावला! मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलकी वाटते ती हीच गोष्ट. इतिवृत्तात 'अमुक सदस्य चर्चेत सहभागी झाले नाहीत' अशी नोंद केली की आपलं समाधान होतं. मसुदा कोणाच्या टेबलावरून गेला हे इतिवृत्तात येत नाही.

मॅक्डॉनेलच्या मालक कंपनीने आणि हार्टफर्डने पैसे देऊन तडजोड केली. संस्था लढत राहिली. तिचं म्हणणं असं, की आम्हाला यातून दमडी मिळाली नाही, वरिष्ठांना पत्ता नव्हता, मग मक्तेदारीविरोधी कायद्याखाली आम्ही दोषी कसे? तीन न्यायमूर्तींना हे बरंचसं पटलं. न्यायमूर्ती पॉवेल यांनी विरोधी मत नोंदवलं. उरलेल्या सहांनी संस्थेविरुद्ध कौल दिला. बहुमताच्या वतीने न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा, की ज्यांच्या हाती संस्थेने आपली पत दिली, त्यांनी त्या पतीवर केलेल्या कृत्याची जबाबदारी संस्थेचीच. आणि असे प्रकार रोखण्याची ताकद सर्वांत जास्त तिच्याकडेच आहे.

पॉवेल यांची काळजी अगदीच पोकळ नव्हती. फुकट राबणाऱ्यांच्या चुकीपायी त्या कायद्यातल्या तिप्पट भरपाईची टांगती तलवार असेल तर अशा संस्था चालवायला पुढे कोण येईल? तरीही मी सहांच्या बाजूचा. पत्र वाचणाऱ्या गिऱ्हाइकाने त्या अध्यक्षावर विश्वास टाकला नव्हता, त्याचं नावही त्याला माहीत नसेल. विश्वास होता तो लेटरहेडवर, आणि ते कोणी कसं वापरायचं हा नियम संस्थेनेच केलेला होता.

निकाल लागला तेव्हा हायड्रोलेव्हलचा धंदा कधीच बंद पडला होता. कंपनीने होतं नव्हतं ते सगळं भंगाराच्या भावाने विकून टाकलं होतं; विकला नव्हता तो फक्त हा खटला.